मावशीची झडप

आज मावशीला घेऊन हार्ट सर्जनकडे गेलो होतो. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने तिची मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) पार आक्रसलीय, बदलावीच लागणार. कृत्रिम धातूची टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी) तपासणी जन्मभर. गाय-डुकराच्या ऊतीची बहुधा १०-१५ वर्षांत झिजते. कॅलिफोर्नियातल्या रुग्णांवरच्या २०१७ च्या मोठ्या अभ्यासात मायट्रल झडपेच्या बाबतीत ७० वयापर्यंत धातूची झडप बसवलेले जास्त जगले. महाधमनीच्या झडपेत हा फायदा ५५ पर्यंतच दिसला. मावशी ५२ची. माझा कौल धातूला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली, १९९० पासून वापरातली भारतीय झडपही पर्यायांत आहे, फार अभिमान वाटला. मावशीने एकच विचारलं, "मेथी चालेल ना?" डॉक्टर म्हणाले, चालेल, पण प्रमाण एकदम कमीजास्त करू नका, पालेभाजीतल्या व्हिटॅमिन केमुळे रक्त पातळ ठेवायच्या गोळीचा परिणाम बदलतो.