तुम्ही विचारलंत म्हणून: दादा परत आलाय का?

दादा म्हणजे माझा भाऊ, विहिरीत गेलेला. माहेरी गेले की कुणी ना कुणी माझ्या मुलाची हनुवटी वर करून बघतंच. मग मला बाजूला घेऊन विचारतात, "दादाच ना गं हा? तुला मनातून काय वाटतं?"

हो, दादाला तिथेच टाके पडले होते. हो, याची जन्मखूण तिथेच आहे. मला दिसत नाही असं समजू नका.

मी वाचलंयही. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी जन्मभर मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांच्या हकिकती गोळा केल्या, जन्मखुणांवर १९९७ साली दोन खंड काढले. मुलं साधारण दोन ते पाच या वयात बोलतात, पुढे बहुतेक विसरतात. पण मूल आणि गेलेलं माणूस एकाच घरातलं असेल, तर त्याने काय ऐकलं आणि त्याला काय आठवलं, हे वेगळं कसं काढणार? आमच्या घरात तर दादाशिवाय दुसरा विषय नसायचा.

माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. आई त्याला वरणभात भरवत होती आणि घासागणिक विचारत होती, "विहिरीवर कोण होतं रे तुझ्याबरोबर? मला हाक का नाही मारलीस?" तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "मारली होती. तूच आली नाहीस."

आई जेवणावरून उठली ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तो डोक्यावरून पाणी घेऊ देईना. मी आईला बजावलं, पुन्हा विहिरीचं नाव काढलंस तर त्याला इथे आणणार नाही. ती म्हणाली, "तुझा मुलगा आहे तुझ्यापाशी. माझा मला भेटला तर तुझं काय जातं?"

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही.

लेबननमधल्या द्रूझ या धर्मपंथाच्या लोकांत माणूस गेला की आत्मा लगेच दुसऱ्या बाळात जातो असं मानतात. मुलाला आठवलं तर त्याला जुन्या घरी भेटवून आणतात, पुढे दोन्ही घरांत येणंजाणंही राहतं. पण त्या मुलाला निजायला स्वतःचं घर असतं. माझ्या मुलाला दोन्ही घरं एकच होती.

कॉलेजात मी ठासून सांगायचे, हा सगळा दुःखाचा खेळ आहे. ती मुलगी आजही म्हणेल, हाकेचं उत्तर आईच्या प्रश्नातच होतं. असेलही. पण "तूच आली नाहीस" हे त्यात कुठे होतं?

आता त्याला यातलं काही आठवत नाही. तो पोहायला शिकतोय. मला हवं तितकं विचारा, त्याच्यासमोर विचारू नका.