चौफुल्याहून वरवंडकडे

आमच्या चर्चमधल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला सरळच विचारलं होतं, "प्रभू आपल्यापाशी असताना तुला पंढरीच्या वाटेला जायचं काय नडलंय?" विचारण्यात माया होती, म्हणून तो प्रश्न टाळावासा वाटला नाही. मी नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातली. रविवारच्या उपासनेत पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणत वाढलेली. आजोबा गावोगावी ख्रिस्ती कीर्तनं करायचे. खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या आणि आख्यान बायबलातल्या उधळ्या पुत्राचं. या टिळकांनी, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि आपण ख्रिस्ताच्या पायांपाशी आलो ते तुकारामांच्या सेतूवरून, असं ते म्हणत. ज्या सेतूवरून आमच्या घरात प्रभूची भजनं आली, त्यावर एकदा आपल्या पायांनी चालावं, एवढंच मी त्या बाईंना सांगू शकले.

पण खरं कारण त्याच्या आधीचं आहे. कोरोनामुळे 2020 आणि 2021 साली पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या. 2021 च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ गेला. दफनाला घरची मोजकी माणसं. पाळकसाहेबांनी लांब उभं राहून प्रार्थना केली आणि आम्ही परत फिरलो. त्यानंतर कितीतरी महिने मला उपासनेत गाता येईना. लोक धीर द्यायचे, सगळं ठीक होईल म्हणायचे. मला तो धीर पेलत नव्हता. ठीक होणार नव्हतंच, आणि ते मान्य करूनही उभं राहता येईल अशी आशा मला हवी होती. रात्री मी बायबलातली स्तोत्रसंहिता उघडून बसायचे. 120 ते 134 ही पंधरा आरोहणस्तोत्रं. यरुशलेमेला सणासाठी चढून जाणारे लोक वाटेत ती म्हणत, असं आम्हाला शिकवलेलं. वाचताना मनात आलं, ही चालत म्हणायची गाणी मी पलंगावर बसून का म्हणतेय?

शेजारच्या काकू दरवर्षी तुकोबांच्या पालखीत चालतात. त्यांच्या दिंडीबरोबर मी पुण्याहून निघाले. विणेकरी बाबांना मी आपणहूनच सांगितलं की मी ख्रिस्ती आहे. ते म्हणाले, "टाळ येतो का?" म्हटलं, येतो. "मग धरा की माऊली," म्हणाले आणि पुढच्या ओळीत जागा करून दिली. माझ्या धर्माविषयी दिंडीत तेवढंच बोलणं झालं. त्यांचा मला फार आधार वाटला. कारण सध्याचे दिवस तसे नाहीत. 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनासाठी मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा धर्मगुरू कसा चालेल म्हणून विरोध झाला होता. ते प्रकृती बरी नसतानाही गेले आणि मराठीत बोलले. 2024 च्या जुलैमध्ये ते गेल्याचं कळलं, तेव्हा मला आपल्या घरातलंच कुणी गेल्यासारखं झालं होतं.

यवतचा मुक्काम मी विसरणार नाही. तिथं पालखीच्या दिवशी सगळं गाव पिठलं-भाकरी करतं. काळभैरवनाथाच्या देवळापाशी मोठाल्या कढयांत पिठलं रटरटत असतं आणि घराघरातून भाकऱ्यांच्या चवडी येत राहतात. कुणाची ज्वारीची, कुणाची बाजरीची, एखादी कडेला करपलेली. माझ्या हातावर पडलेल्या भाकरीवर करणारीची पाची बोटं उमटली होती. कोण होती ती बाई, मला माहीत नाही. प्रभूनं पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत हजारोंना जेवू घातल्याची गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले, पण इतक्या माणसांना पुरवून वाढायचं म्हणजे किती हात भाजतात, ते यवतला दिसलं.

पंगतीत माझ्या शेजारी बीडकडची एक मावशी होती. पेरणी उरकून आलेली. "सोयाबीन टाकलंय," म्हणाली. "पाऊस दडी मारून बसलाय." म्हटलं, नाही आला तर? "तर दुबार पेरणी. दुसरं काय?" आणि भाकरी मोडता मोडता म्हणाली, "बी घरात ठेवून तरी काय करावं ताई? मातीत टाकलं तर उगवायची आस तरी हाय."

मला 126 वं स्तोत्र आठवलं. रडत पेरणारे हर्षानं कापणी करतील, असं त्यात आहे. लहानपणी वाटायचं, पेरताना कुणी कशाला रडेल? पुढं एकदा उपदेशात ऐकलं की दुष्काळात बी म्हणजे घरात उरलेलं शेवटचं धान्य. मूठभर मातीत टाकायचं म्हणजे तेवढं पोरांच्या तोंडचं काढायचं. म्हणून तो रडतो, आणि तरी पेरतो. त्या रात्री मी मावशीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मंग आमचंच लिव्हलंय की."

दुसऱ्या दिवशी भांडगाव ओलांडून पालखी चौफुल्याला आली. तिथून केडगाव जवळच. मी लहानपणी चर्चच्या शिबिराला तिथं गेलेले. मावशीला म्हटलं, इथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. कोण रमाबाई, तिनं विचारलं, आणि चालता चालता मी सांगत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे, पुराणिक. सगळं घर तीर्थामागून तीर्थ पायी हिंडायचं, पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण अन्नावाचून गेली. मग भाऊबहीण दोघंच पायी भटकत 1878 ला कलकत्त्याला पोचली.

"एवढी तीर्थं केली आन् तरी देव बदलला?" मावशी म्हणाली. तिच्यापासून काही लपवावंसं वाटेना. म्हटलं, होय. उपास-नवस करूनही घर उपाशी मेलं, ते त्यांना विसरता आलं नाही. त्या तीर्थयात्रांबद्दल त्यांनी कडवटपणानंच लिहिलंय. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वारीच्या वाटेवर हे बोलणं मला जड गेलं, पण झाकून ठेवणं त्याहून जड गेलं असतं. मावशी थोडं चालून म्हणाली, "भुकंनं मेलेलं माणूस डोळ्यांम्होरून जात न्हाई." तुकोबांचंही तेच. 1630 च्या दुष्काळाबद्दल त्यांनीच लिहून ठेवलंय, "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली." दोघांच्याही घरात दुष्काळ शिरला. तुकोबांनी लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, अशी गोष्ट सांगतात. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या नियमांमुळे इतक्या मुलींना ठेवून घेता येईना, म्हणून केडगावच्या आपल्या शेतजमिनीवर आणून त्यांना राहतं केलं. हे मला दर वेळी नव्यानं थक्क करतं. बाहेर प्लेग, दारात भुकेली पोरं, आणि ही बाई विहिरी खणून घेतेय, पोरींना अक्षरं शिकवतेय.

शेवटची कितीतरी वर्षं त्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. शाळा न पाहिलेल्या बाईलाही कळेल अशी मराठी त्यांना हवी होती, आणि छपाईचं काम केडगावच्या मुली-बायकाच करायच्या. 1921 साली एकुलती लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या.

"पुस्तक बघितलं का तिनं?" मावशीनं विचारलं.

नाही. पूर्ण बायबल बाहेर आलं ते 1924 ला.

मावशी काही बोलली नाही. पुढं विणेकरी बाबांनी "सुंदर ते ध्यान" धरलं होतं. त्या तालावर माझाही टाळ पडत होता आणि कितीतरी काळानं मी मोकळ्या गळ्यानं गात होते. भावाला हा अभंग यायचा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यानं म्हटला होता आणि घरी कुणीही त्याला त्यावरून बोललं नव्हतं.

वरवंडला राहुट्या पडल्या. हरिपाठ झाला, कीर्तन झालं. मावशीच्या मुलाचा फोन आला. पाऊस नाही, उगवलेलं वाळायला लागलंय. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. "आठ दिस वाट बघ," म्हणाली. "न्हाईच आला तर दुकानदाराला इचार, उधारीवर बी देतो का. आन् गाईला पाणी दाखीव." मग फोन बंद करून खोबरेल तेलाची बाटली माझ्यापुढं सरकवली. "उद्या रोटीचा घाट हाय. पायाला लाव आन् लवकर पड."

मी तेल घेतलं.