दळण

गिरगावातल्या आमच्या चाळीत तळमजल्याला पिठाची गिरणी होती आणि तिच्या बरोब्बर डोक्यावर आमची खोली. सकाळी पट्टा फिरायला लागला की मांडणीतली भांडी किणकिणायची. खाली गहू चाललेत की डाळ, हे मला तळपायाला कळतं, असं आई म्हणायची. मला ते कधी खरं वाटलं नाही. पण तिचं चुकल्याचंही आठवत नाही.

डब्यांच्या झाकणांवर ऑइलपेंटने खोलीचे नंबर. ‘ज्वारीवर टाकू नका हो, गव्हावर टाका!’ हे गॅलरीतूनच ओरडून सांगायचं. उपासाची भाजणी असली की गिरणीवाले काका आधीचं पीठ झाडून घेत, तरी बायका खाली उभ्या राहून खात्री करत. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं महिनाअखेर अडलंय, हे काकांना डब्याच्या वजनावरून समजे. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं दळण दोन आठवडे आलं नाही, तर त्यांनी पोऱ्याला वर पिटाळलं. आजी तापाने फणफणत होत्या.

चाळ 1940 च्या आधीची, म्हणजे उपकरप्राप्त, दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी. निम्म्याहून जास्त, 51 टक्के भाडेकरूंच्या सह्या झाल्या आणि ‘तेहतीस-सात’खाली, म्हणजे जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या 33(7) या नियमाखाली, ती पाडली. मधली वर्षं आम्ही विरारला काढली. त्याबद्दल न बोललेलं बरं.

आता सतराव्या मजल्यावर आहोत. 180 चौरस फुटांचे नियमाने 300 झाले, संडास घरात आला. त्या एका गोष्टीसाठी आई बिल्डरला अजून दुवा देते. गिरणीला मात्र होती तेवढीच जागा मिळाली. दुकानांना तसंच असतं म्हणे. तिचं तोंड रस्त्याकडे, आमचं गेट मागच्या गल्लीत. मधे तीन मजले नुसत्या गाड्या. डबा घेऊन लिफ्टने उतरायचं, वॉचमनसमोरून अख्ख्या इमारतीला वळसा घालायचा. बऱ्याच जणांनी घरघंटी घेतली.

गेल्या महिन्यात सोसायटीत अर्ज फिरला: गिरणीच्या पिठाने गाड्या पांढऱ्या होतात, आवाजाचा त्रास होतो, सबब ती बंद करावी. आवाज सतराव्या मजल्यावर कसा पोचतो कोण जाणे. सही मागायला आलेल्या मुलाला आईने पाणी दिलं, अर्ज चष्मा लावून पूर्ण वाचला आणि परत केला.

‘दळण टाकलंय रे कालच,’ ती म्हणाली, ‘ते येऊ दे, मग बघू.’