चौकटीच्या वहीतलं मराठी

आमच्या वेळी दहावीचं मराठी म्हणजे संदर्भासह स्पष्टीकरण, रसग्रहण आणि निबंध. परीक्षेत तेवढंच येई, त्यामुळे पालकांनाही तेवढंच हवं असे. मराठीच्या बाईंनी मात्र जूनमध्येच सगळ्यांना एकेक चौकटीची वही आणायला लावली. ‘गणित मी शिकवतो की त्या?’ असं गणिताचे सर शिक्षकखोलीत म्हणाल्याचं आमच्यापर्यंत आलं होतं.

परिपाठाला रोज पसायदान व्हायचं. त्यात अर्धी पोरं ‘भूतां परस्परें जडो’ म्हणत आणि अर्धी ‘पडो’. कुणाच्या लक्षातही येत नसे. बाईंच्या आलं. त्यांनी घरून ज्ञानेश्वरी आणायला सांगितली. कुणी आजीची जाड टायपातली पारायणाची प्रत आणली, कुणी सार्थ, तर कुणी पानं सुटलेली, दोऱ्याने बांधलेली. वहीत सगळ्यात वर ओवी लिहायची, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक प्रतीसाठी एक ओळ. अक्षर वेगळं असेल तिथेच भरायचं, बाकीच्या चौकटी कोऱ्या सोडायच्या. दोन तासांत फळ्याएवढा वाद उभा राहिला.

‘बाई, यातलं बरोबर कुठलं?’

‘बरोबरचं नंतर बघू. आधी सांगा, कशावरून काय झालं असेल?’

मैत्र जडतं हे आपल्या कानाला सरळ वाटतं, पडतं म्हटलं की आपण अडखळतो. नक्कल करणारा अडखळला की सोपं करून लिहितो. सोप्याचं अवघड करायला कोण बसलंय? म्हणून अवघड पाठ, म्हणजे त्या जागी प्रतीत सापडणारा शब्द, बहुधा जुना. ‘बहुधा’वर बाई बोट ठेवत, कारण हात नुसता चुकूही शकतो, आणि चुकून झालेला शब्दही अवघडच दिसतो.

पुढे एम.ए.ला पाठचिकित्सा, म्हणजे नकला ताडून मूळ शब्द शोधणं, हा विषय आला, तेव्हा त्या वहीचं मूळ कळलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. तिथेही श्लोक असेच चौकटींच्या कागदांवर अक्षर अक्षर उतरवून एकेक पोथी ताडून पाहत. हे काम १९६६ साली पुरं झालं, तोवर हजाराच्या वर हस्तलिखितं तपासून झाली होती. वि. स. सुकथनकरांनी संपादित केलेलं आदिपर्व १९३३ साली पूर्ण झालं. त्यांची रीत ऐकायला साधी वाटते. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम पोथी यांचा एकमेकींशी संबंध येण्याचा संभव फार कमी. तरी दोघींत तोच पाठ आला, तर तो दोन्ही शाखा फुटण्याआधीचा मानायचा. नुसत्या पोथ्या मोजून बहुमताने निकाल लावता येत नाही. एकाच चुकीच्या प्रतीवरून शंभर नकला झालेल्या असू शकतात.

या कसोटीत व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही कथाच संहितेबाहेर, म्हणजे मुख्य मजकुराबाहेर, गेली. ती परिशिष्टात आहे. गणपतीच्या मुलखात बसून हे करायला धारिष्ट लागतं! पण कथा खोडलेली नाही, नंतरची म्हणून नोंदवली आहे. मला स्वतःला तळटीपा-परिशिष्टांचा तो भाग संहितेपेक्षा जास्त आवडतो. लोकांना कुठे काय कमी वाटलं आणि त्यांनी काय घातलं, हे तिथेच दिसतं.

‘अशी चिरफाड केली की रस जातो’ असं म्हणणारे प्राध्यापक पुढे बरेच भेटले. त्यांना मी एकनाथ महाराजांचं नाव सांगतो. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि कारणही लिहून ठेवलं: ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध ।’ मूळ चोख आहे, घोळ नकलांत झाला. वर तंबीही दिली की जो यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. नाथांचा रस गेला होता असं कोण म्हणेल? अर्थात त्यांनी कुठे काय बदललं याच्या तळटीपा दिल्या नाहीत, म्हणून पुढच्यांना नाथांच्या आधीचा पाठ शोधत बसावं लागलं. वि. का. राजवाड्यांनी एका जुन्या पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली ती त्याच ओढीने.

बाईंनी यातलं एकही नाव वर्गात घेतलं नव्हतं. बोर्डाच्या निकालावरही त्या वहीचा काही परिणाम झाला नसावा. मराठीत आमचे गुण जेमतेमच होते.

या स्मरणिकेच्या निमित्ताने गावाकडच्या वर्गमित्रांना एक विनंती. माळ्यावर लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या असतील तर त्या नदीत सोडू नका. निदान मोबाइलवर फोटो तरी काढा. सुरुवात शेवटच्या पानापासून करा. शक, गाव आणि लिहिणाऱ्याचं नाव बहुतेक तिथेच असतं. पुष्कळदा त्याच्या खाली ‘जसं पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये’ अशा अर्थाचा संस्कृत श्लोकही सापडतो.