टाळीचा दिवा: निम्मे माईक बहिरे का होते?

नवख्या पोरांना जोडता येईल असं टाळीच्या दिव्याचं किट बनवतेय: टाळी वाजली की दिवा लागतो, पुन्हा वाजली की विझतो. त्यासाठी आणलेल्या माईकच्या पुडीतले निम्मे बहिरे निघाले होते. ते कोडं सुटलं एकदाचं. पुडीतला एकही माईक मेलेला नाही!

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी काढून दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर यायचं, इथवर मागच्या वेळी आलो होतो. ती बॅटरी महाग, आणि भाचीच्या हातात टिकत नाही. सेल लावले आणि तमाशा सुरू झाला. काही माईकवर टाळीसरशी दिवा लागायचा, तर काहींच्या कानाशी ताट बडवलं तरी ढिम्म. सगळे एकाच पुडीतले, दिसायला जुळे.

ती पुडी मिळवणं हेच एक प्रकरण होतं. ठाणे स्टेशनबाहेर माईक मागितला की "ताई, कॉलरचा देऊ की कराओकेचा?" नौपाड्यात रेडिओ दुरुस्त करणारे एक काका म्हणाले, "कंडेन्सर माईक म्हण गं. पण सुटे ठेवतो कोण आता?" तरी त्यांनी बटणांच्या जुन्या लँडलाईनचा तुटका हँडसेट फुकट दिला, आणि त्यातला माईक रबरी टोपीसकट अखंड निघाला! बाकीच्यांसाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठलं. लॅमिंग्टन रोडवर आधी एकाने पिझो चकती (कंपन टिपणारी पातळ चकती) पुढे केली. टेबलावर टकटक ऐकायला ती उत्तम, खोलीतल्या टाळीला नाही. एलएम३९३ चिपवालं माईकचं तयार मॉड्यूल हवं तेवढं मिळतं, पण माझं मत जुनंच: त्यात नुसता कंपॅरेटर (दोन व्होल्टेजपैकी मोठं कोणतं एवढंच सांगणारा) असतो, आवाज वाढवणारा अँप्लिफायर नसतोच. नवखं पोर स्क्रू फिरवत बसतं आणि शिकत काहीच नाही.

तर बहिरे माईक. पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) तपासली, धातूच्या टोपीशी जोडलेली पिन ग्राऊंड, सगळ्यांची बरोबर. सोल्डरच्या उष्णतेनं गेले म्हणावं, तर काहींना अजून सोल्डरिंग आयर्न लागलंच नव्हतं. मग सगळे पुन्हा ९ व्होल्टवर लावले आणि झाडून सगळे बोलले! तेव्हा मल्टिमीटर थेट माईकच्या प्लसवर टेकवला. ३ व्होल्टवर, १० के (१० किलोओहम) रझिस्टरमागे, चालणाऱ्यांवर साधारण १.४ व्होल्ट आणि बहिऱ्यांवर जेमतेम ०.२.

माईकच्या या छोट्या डबीतला विद्युतभार कारखान्यातच कायमचा बसवलेला असतो. १९६२ मध्ये बेल लॅब्समध्ये सेस्लर आणि वेस्ट यांनी ही युक्ती काढली. म्हणजे रझिस्टरमधून आपण देतो तो वीजपुरवठा (बायस) फक्त आतल्या फेटसाठी, म्हणजे माईकमधल्या छोट्या ट्रान्झिस्टरसाठी. आणि फेट किती करंट ओढेल हे नगागणिक वेगळं: कुणी ०.१६ मिलिअँपिअरवर खूश, कुणाला ०.४५ लागतो. ०.४५ वाल्यामुळे १० के वर साडेचार व्होल्ट पडायला हवेत, आणि आपल्याकडे आहेत एकूण तीन! ९ व्होल्टमध्ये ते खपून जायचं. १० के च्या जागी २.२ के लावला, माईकवर २ व्होल्ट दिसले, फुंकर मारली आणि आकडा नाचला.

मात्र सरसकट २.२ के लावू नका. कमी करंटवाल्यांचा आवाज त्याने उगाच बारीक होतो. त्यांना १० के च बरा. म्हणून किटसाठी १ के आणि त्याच्या मागे १० के चा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रझिस्टर). माईकवर दीड व्होल्ट येईपर्यंत फिरवायचा, बस. त्यातून मल्टिमीटर धरायलाही शिकता येतं. पुढे १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) कॅपॅसिटर आणि बीसी५४७ ट्रान्झिस्टर, तिथे काही बदल नाही.

काल भाचीनं दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाहून टाळी वाजवली आणि दिवा लागला. मग स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि विझला. बहीण म्हणाली, "टाळी राहू दे, शिट्ट्या मोजून दे."

खरंच, टाळीसाठी ४०१७ ही मोजणारी चिप बसवलेली आहेच! ४ नंबरच्या पिनवरून १५ वर जाणारी, दुसऱ्या टाळीला मोजणी शून्यावर आणणारी वायर काढली की ती पुढे मोजत राहील, आणि तिसऱ्या शिट्टीला ७ नंबरची पिन वर जाईल. अडचण एकच. लांब शिट्टीचे डझनभर पल्स (विजेचे ठोके) होतात, त्यामुळे मध्ये मोनोस्टेबल हवा, म्हणजे एका शिट्टीला एकच ठोका देणारं सर्किट. त्यासाठीचा साधा ५५५ टायमर साडेचार व्होल्टच्या खाली चालत नाही, म्हणजे कमी व्होल्टवर चालणारा सीमॉसवाला ७५५५ लागणार. ठाण्यात विचारलं की ५५५ च हातात ठेवतात. वाशी-कोपरखैरणे बाजूला कुणाला सुटा ७५५५ मिळाला असेल तर दुकान सांगा. तोवर आयएनएमपी४४१ या डिजिटल माईकवाला बेत बाजूला.