मेडिकलवाला म्हणे, निळं देऊ का हिरवं?

हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून स्केलिंग केलं, म्हणजे दातांवरचा कडक थर काढून घेतला, ते काही विशेष नाही, पटकन झालं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर जंतू मारणारं माउथवॉश लिहून दिलं, क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के, १० मिली, सकाळ-रात्र, फक्त दोन आठवडे.

खरा वैताग कर्वे रोडवरच्या मेडिकलमध्ये. काउंटरवरच्या पोराने चिठ्ठी उलगडलीच नाही, "माउथवॉश ना काकू? निळं देऊ का हिरवं?" अरे रंग कोण विचारतंय! मी म्हटलं चिठ्ठी वाच, तर त्याने पुदिन्याची मोठी बाटली पुढे सरकवली, "हेच जातं सगळ्यात जास्त, सगळं सेमच असतं." मागे लाईन वाढतेय, एक आजोबा उसासे टाकतायत, आणि मी मोबाईलने फोटो काढून झूम करून मागचं बारीक प्रिंट वाचतेय कारण चष्म्यानेसुद्धा ते दिसत नाही. त्यात होतं सीपीसी, म्हणजे सेटिलपायरिडिनियम क्लोराइड, तेही जंतू मारणारंच. वाईट नाही ते, वासासाठी रोज वापरतात, पण मला जे लिहून दिलंय ते नव्हे ना! फ्लोराइडचं वेगळं, ते किडीसाठी. आणि क्लोरहेक्सिडीन म्हणजे औषध, महिनोन्‌महिने वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, तोंडाची चव जाते. सेम कसं? मी हललेच नाही काउंटरवरून. शेवटी मालक आतून आले आणि खालच्या कप्प्यातून बरोब्बर तीच बाटली काढून दिली, म्हणजे होती दुकानात!

तर रंग सोडा, मागचं कंटेंट वाचा. ब्रश केल्यावर लगेच क्लोरहेक्सिडीन वापरू नका, अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा असर कमी होतो. अर्धा-एक मिनिट खुळखुळवून थुंकायचं, गिळायचं नाही, वर पाण्याने चूळही भरायची नाही. अमृततुल्यला जायचं तर आधी जाऊन या, नंतर लगेच चहा प्यायलात तर डाग अजून लवकर धरतात. धरलेच तर डेंटिस्टकडे साफ होतात पण परत पैसे.

आणि हो, रोजच्यासाठी घेताना शक्यतो अल्कोहोल नसलेलं बघा, ज्यांचं तोंड आधीच कोरडं पडतं त्यांनी तर नक्कीच, कोरड्या तोंडाला वास जास्त येतो. वास बऱ्याचदा जिभेवरच्या थरामुळे असतो, आधी टंग क्लीनर फिरवा, तो स्वस्तही पडतो. सहा वर्षांखालच्या पोरांना माउथवॉश देऊच नका, गिळतात ती, बाटली वरच्या फळीवर ठेवा.