तुम्ही विचारलंत म्हणून: दिसत नसताना मशीनने लाकूड कसं कापतो?

पंचवटीत माझं सुतारकामाचं दुकान आहे. नवीन गिऱ्हाईक देवघराचं माप सांगतं, चहा होतो आणि मग जरा चाचरत विचारतं, "काका, दिसत नसताना मशीन कसं चालवता हो? भीती नाही वाटत?"

वाटते, आणि वाटायलाच हवी. पण लोकांना वाटतं तिथे नाही.

लोक घाबरतात ते टेबल सॉच्या मोठ्या गोल पात्याला. मला ते भरवशाचं वाटतं. पातं एका जागी असतं, फळी हलते. पात्यावर गार्ड, बाजूला घट्ट आवळलेली पट्टी आणि फळी पुढे सारायला लाकडी दांडी. हात कुठवर न्यायचा ते ठरलेलं असतं. स्पायरल सॉचं तसं नाही. दिसायला हातात मावणारं साधं मशीन, त्यात तीनेक मिलिमीटर जाडीचं बिट, म्हणजे कापणारी छोटी सळई. पण ते मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत फिरतं आणि चहूबाजूंनी कापतं. पुढे, मागे, आडवं, जिकडे जाईल तिकडे लाकूड खातं. हे मशीन मी साच्याच्या आधाराशिवाय, नुसत्या हाताच्या अंदाजाने कधीच चालवत नाही.

मग देवघराची महिरप कशी कापतो? आधी एमडीएफचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीचा, साचा. त्यात महिरपीच्या आकाराची कमान कापलेली असते. मशीनच्या तळाला मी गोल तळपट्टी बसवून घेतली आहे. बिटापासून तिच्या कडेपर्यंत जेवढं अंतर, तेवढी साच्यातली कमान खऱ्या महिरपीपेक्षा सगळीकडून मोठी. साचा प्लायवर क्लॅम्पने आवळला की प्लग काढलेलाच ठेवून साच्याच्या कडेवरून बोट फिरवतो, सावकाश, दोनदा. जिथे बोट अडखळतं तिथे तळपट्टीही अडखळणार, म्हणून तिथे पॉलिश पेपर. मग बंद मशीनच साच्यावरून एकदा पूर्ण फिरवून बघतो. वायर कुठे अडकते का, क्लॅम्प आडवा येतो का, हे तेव्हाच कळतं. प्लग त्यानंतर.

दिशा फार महत्त्वाची. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं, त्यामुळे पुढे जाताना ते डावीकडे ओढतं. म्हणून महिरपीच्या डाव्या पायापासून वर चढायचं आणि उजव्या पायाशी उतरायचं. मग साचा सतत डाव्या हाताला राहतो आणि बिटाची ओढच मशीनला साच्याशी चिकटवून ठेवते. उलटं गेलात तर तीच ओढ साच्यापासून लांब नेते.

डोळ्यांवर गॉगल का, असंही विचारतात. दिसत नसले तरी डोळेच आहेत, लाकडाची कपची तिथे गेली तर दुखणारच. कानांवर मफही लावतो, कारण कान गेले तर माझं फार मोठं जाईल. बोजा पडला की मोटरचा सूर खाली बसतो, तो मफमधूनही कळतो आणि तळहातालाही. हातमोजे मात्र नाहीत. फिरतं बिट त्यांना ओढून घेतं. मनगटातला दोराही काढून ठेवतो, मग तो कुठल्या देवाचा का असेना.

आणि लाइट. ती गेली की आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर. स्विच चालूच राहिला तर लाइट येताच मशीन आपोआप सुरू होतं, आणि तेव्हा माझा हात पात्यावर असू शकतो.

मापाचं म्हणाल तर परदेशात अंध सुतारांसाठी 'क्लिक रूल' मिळते. ती दर खटक्याला १/१६ इंच सरकते. आपल्याकडे प्लाय मिलिमीटरमध्ये येतो, म्हणून मी ६ मिमीचा आटे पाडलेला गज आणि नट वापरतो. त्याच्या नेहमीच्या आट्यांवर नटाचा एक फेरा म्हणजे १ मिमी. नटाच्या एका बाजूला कानशीने खाच केली आहे, ती बोटाखाली आली की फेरा पूर्ण. ज्याला शिकायचंय त्याला मी आधी हेच हातात देतो, मशीन नंतर.

दुकानात याल तेव्हा एक करा. मशीन चालू असेल तर दारातच थांबा. आवाज पूर्ण थांबू द्या, कारण स्विच बंद केल्यावरही बिट थोडा वेळ फिरत असतं. मग हाक मारा. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका.